दाढांचा डोंगर

हॉटेलातल्या पोरी तिला पाठीमागे फिनाईलबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. वाईट एवढ्याचंच वाटायचं, की नाव ठेवणाऱ्या पोरींना स्वतःला बादलीभर पाण्यात फिनाईल किती घालायचं हे अजून धड कळत नव्हतं.

ती तिसऱ्या मजल्याची सुपरवायझर. पोरी खोल्या आवरून गेल्या की ही मागून तपासायला जायची. तपासायचं म्हणजे गुडघ्यांवर बसून, गाल जमिनीला टेकेपर्यंत वाकून पलंगाखाली टॉर्च मारायचा. कमोडच्या सीटची खालची बाजू, रिमोटची बटणं, खोळीच्या आतली उशी. एवढ्या वर्षांत तिनं काय नाही पाहिलं? गालिच्यावर कापून टाकलेली नखं. चहाच्या कपात विझवलेल्या सिगारेटी. पडद्याला पुसलेलं नाक. माणूस कोणत्या गाडीतून उतरतो यावरून काही कळत नाही, तो न्हाणीघराच्या जाळीत काय सोडून जातो त्यावरून कळतं, असं तिचं ठाम मत होतं. एकदा तर एका पाहुण्याची कवळीच पाण्याच्या ग्लासात राहिली होती. गुलाबी हिरड्यांसकट ग्लासातून तिच्याकडे बघून हसत होती.

"मॅडम, ही तुमच्या मिस्टरांनीच केलेली असणार बघा," एक पोरगी खिदळली होती.

असेलही. तिचा नवरा कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे ठसे त्याच्या लॅबमध्ये यायचे. ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा, साच्यावर गुलाबी मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा. आयुष्य परक्यांच्या तोंडात गेलं. लग्न ठरताना हे कळलं तेव्हा तिच्या अंगावर शहारे आले होते. पण मुलाची नखं नीट कापलेली होती आणि नखांत काळं नव्हतं. नखं बघूनच होकार दिला, असं ती अजून सांगते.

अशा बाईच्या घरात आगगाडी शिरली ती एका खोक्यातून. लॅबच्या मालकाचा मुलगा मोठा झाला, त्याचं जुनं खेळणं माळ्यावरून खाली आलं आणि मालकानं ते ह्याच्या हातात ठेवलं. "बघा, चालली तर चालली." चाक निखळलेलं एक इंजिन, दोन डबे, त्यातल्या एकाला छप्पर नाही, थोडे वाकडे रूळ आणि घुं करत तापणारा ट्रान्सफॉर्मर. ह्यानं कवळीच्या तारेचा आस केला, चाक बसवलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर रूळ गोल मांडून गाडी सोडली. गाडी साखरेच्या डब्याला वळसा घालून परत आली तेव्हा हा पन्नाशी उलटलेला माणूस टाळ्या पिटत होता.

"आता हिला गाव करायचं," तो म्हणाला. "डोंगर, स्टेशन, झाडं. आणि शपथेवर सांगतो, खर्च काही नाही. घरात आहे त्यातच भागवायचं."

ते ऐकून ती सुखावली. तिथंच चुकलं. पैसे खर्च केले असते तर वस्तू दुकानातून स्वच्छ पिशवीत बंद होऊन आल्या असत्या.

आधी आला दरवाजा. समोरच्या घरात दुरुस्ती चालली होती, तिथला काढून टाकलेला दरवाजा हा मजुरांच्या मदतीनं जिन्यातून वर घेऊन आला. सपाट, हलका, गावाला लागतो तेवढा. कुठल्या खोलीचा, हे तिनं विचारलं नाही. खालची कड पाण्यानं फुगली होती आणि आतल्या बाजूला परक्यांच्या साबणाचे पांढरे ओघळ होते, त्यामुळे विचारायची गरजच नव्हती. तिनं त्याला गॅलरीत उभं करून दोन वेळा ब्लीचनं धुतलं आणि तरी आठवडाभर त्याला कोपर लागू दिलं नाही.

मग झाडं आली. भांडी घासून विटलेल्या घासण्या तो कचऱ्यातून परत काढायचा, फाडायचा, हिरव्या रंगात बुडवायचा आणि काटक्यांवर डकवायचा. जवळ गेलं की त्या झाडांना जुन्या आमटीचा वास यायचा. स्टेशनच्या खिडक्यांना त्यानं दातांच्या डॉक्टरांकडच्या वाया गेलेल्या एक्स-रेच्या फिल्म लावल्या. लांबून काचा झकास दिसत. वाकून बघितलं की प्रत्येक खिडकीत कुणाच्या तरी दाढेची मुळं दिसत, एका खिडकीत तर गळूसुद्धा होतं.

आणि डोंगर. डोंगरासाठी प्लास्टर लागतं, प्लास्टर विकत घ्यायचं नाही, मग काय? लॅबमध्ये कवळी तयार झाली की साचा फेकून देतात. ते फेकलेले जबडे हा पिशव्या भरभरून घरी आणू लागला. हातोडीनं थोडे फोडले, थोडे तसेच रचले, वरून प्लास्टरात भिजवलेल्या चिंध्या टाकल्या आणि करड्या रंगाचा हात फिरवला. बोगद्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, चिंध्या कमी पडल्या. झाडू मारताना ती तिकडून वाकली आणि तिला दिसलं, की अख्खा कडा दाढांचा आहे. सुळे, पटाशीचे दात, उघडे टाळू, त्या टाळूंवरच्या वळ्या.

"अहो!" ती जागच्या जागी ओरडली. "हे काय आहे?"

"खडक," तो स्वयंपाकघरातून म्हणाला. "नैसर्गिक वाटतात की नाही?"

"माणसांच्या तोंडातले आहेत हे!"

"अगं, तोंडातले नाहीत, तोंडाचे आहेत. प्लास्टर आहे ते. तुझ्या हॉटेलातल्या बेसिनपेक्षा स्वच्छ."

तिनं झाडू पूर्ण मारला, बाहेर आली आणि साबणानं हात धुतले. शेजारीण दारात उभीच होती. तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलात सांगितलं. ऐकणाऱ्या बायका "ईऽऽ" करत तोंडावर हात घेत आणि तिला बरं वाटे. फेकून दे म्हणून सगळ्यांनी सांगितलं. तिनं फेकलं नाही.

का फेकलं नाही, ते गाडी मांडली होती त्या मागच्या खोलीला विचारायला हवं. त्या खोलीत तिची सासू अंथरुणात होती. मरेपर्यंत. तेव्हा मुलगी लहान होती, नवरा दिवसभर लॅबमध्ये. सासूचं भांडं देणं, चादरी, पाठीवरच्या जखमा, तोंडातून ओघळलेलं जेवण हे सगळं हिनं केलं. घरात नणंद येई, नाकाला पदर लावून उंबऱ्यावर उभी राही, आणि "वहिनी, तुम्ही आहात म्हणून हो," एवढं बोलून चहा पिऊन जाई. सासू गेल्यावर हिनं गादी जाळायला दिली, फरशी ॲसिडनं धुतली, भिंतींना रंग काढला. पुढे मुलगी त्या खोलीत वाढली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. खोली रिकामी झाली तसा तो वास परत आला. नवऱ्याला येत नसे, कुणालाच येत नसे. हिला येई.

म्हणून तो जेव्हा दरवाजा धरून विचारत होता, "मागच्या खोलीत मांडू का? का तुला ती कशाला तरी हवीय?" तेव्हा ती इतक्या पटकन म्हणाली, "मांडा, मांडा, खुशाल मांडा," की तोच चकित झाला. त्या खोलीत आता काहीही येवो, भांडं मागणारं कुणी येऊ नये.

आणि डोंगर उभा राहिला त्याच सुमारास तिच्या दादाचा फोन आला.

तिचे वडील दादाकडे असत. मधुमेह होता, पाय लटपटत होते, आणि आता कपड्यांचंही भान राहिलं नव्हतं. वहिनीनं फोन हातात घेऊन ते सगळं तपशीलवार सांगितलं, ऐन जेवणाच्या वेळी. चादर कितीदा बदलावी लागते, रंग कसा असतो, वास कुठवर येतो. हिच्या ताटातला भात निवत होता. वहिनी जे सांगत होती ते हिला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"माझी कंबर गेलीय हो," वहिनी म्हणाली. "त्यांना सध्या गॅलरीत झोपवतो. हवा तरी लागते. तुमच्याकडे मागची खोली रिकामी आहे ना?"

"अहो वहिनी, आणलं असतं की मी त्यांना," ती म्हणाली. "पण खोली कुठं उरलीय? ह्यांनी आगगाडी मांडलीय. अख्ख्या दरवाजाएवढी. पाय ठेवायला जागा नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. हीच त्यातली सगळ्यात घाण गोष्ट होती.

फोन ठेवला तेव्हा नवरा समोर बसून वर्तमानपत्रावर चहाचा चोथा पसरत होता. रुळांखाली खडी दिसायला हवी, आणि मोबाईलवर कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की वापरलेली चहापूड वाळवली की हुबेहूब खडी दिसते. घरचा चोथा पुरेना म्हणून हा लॅबमधलाही डब्यात भरून आणायचा. काडीनं पसरता पसरता तो मान वर न करता म्हणाला, "वर कपड्यांच्या दांड्यांच्या कप्प्या आहेत ना? त्यांच्यावरून दोर घेतला तर दरवाजा छताला ओढून ठेवता येईल. खाली कॉट बसेल."

"आणि तो डोंगर म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात पडला म्हणजे? बाबांच्या टाळक्यातून कुणाकुणाच्या दाढा काढत बसू मी?"

"घट्ट बांधीन."

"काही नको."

"बघ," तो म्हणाला. "मी आपलं सुचवलं." पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा विचारलं, आणि नंतर एकदा तर सगळंच काढून टाकू का म्हणून विचारलं. ती दर वेळी काहीतरी कामाला उठून गेली. बाहेर मात्र तिचं तोंड सुरू होतं. नवऱ्याच्या खुळापायी बापाला घरी आणता येत नाही म्हणून तिनं शेजारणीजवळ डोळे पुसले. "पुरुषांचं असंच हो," शेजारीण म्हणाली. हॉटेलातल्या पोरी कधी नव्हे त्या तिच्याशी मऊ बोलू लागल्या. माहेरच्या सगळ्या नातेवाइकांत तो कवळीवाला जावई बदनाम झाला. त्याला हे कळत होतं की नव्हतं, कोण जाणे. तो पांढऱ्या डिंकावर चोथा भुरभुरत होता.

मग मुंग्या आल्या.

आधी खिडकीतून एक बारीक रांग आली, भिंतीवरून उतरली आणि दरवाजा ज्यांवर आडवा ठेवला होता त्या लाकडी घोड्यांवर चढली. दोन दिवसांत ती रांग दोरीएवढी जाड झाली. तांबड्या, चावऱ्या. त्यांनी रूळ झाकून टाकले, स्टेशनात शिरल्या, दाढांच्या फटीफटीतून ये-जा करू लागल्या. हिच्या घरात मुंग्या! हिनं मुंग्यांचा खडू ओढला, त्याच्यावरून गेल्या. फिनाईल पुसलं, वास जाईस्तोवर थांबल्या आणि परत आल्या. घोड्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तर ट्रान्सफॉर्मरच्या वायरवरून आल्या.

"तुमचा तो डिंक असणार," ती म्हणाली.

"पांढऱ्या डिंकाला मुंगी शिवत नाही," तो म्हणाला. त्याची वेगळीच काळजी होती. इंजिन रोज डोंगराखालच्या वळणावर येऊन बंद पडत होतं. चाकं काढावीत तर त्यांवर काळा चिकट थर. तो स्पिरिटच्या बोळ्यानं चाकं पुसायचा, रूळ पुसायचा, गाडी एक फेरी मारायची आणि पुन्हा तिथंच येऊन थांबायची. "कुठून येतं हे चिकट?" तो स्वतःशीच म्हणायचा. ती दारातून बघायची. बंद पडलेल्या इंजिनावर मुंग्या चढलेल्या, मागे छप्पर नसलेला डबा, मुंग्यांनीच भरलेला. तिला रात्री अंगावरून काहीतरी चालतंय असं वाटू लागलं.

असं सगळं असताना एका रविवारी बेल वाजली. दारात दादा. आणि त्याच्या दंडाला धरून बाबा.

"म्हटलं, बाबांना जरा फिरवून आणावं," दादा म्हणाला. कपड्यांची पिशवी त्यानं आल्याआल्या कोपऱ्यात ठेवली. फिरायला आलेल्या माणसाची पिशवी एवढी फुगलेली नसते.

बाबा खुर्चीत बसले. विजारीची नाडी शर्टावरून बांधलेली होती. गाल आत गेले होते, तोंडात दात नव्हते.

"कवळी कुठंय त्यांची?" जावयानं विचारलं. ती त्यानंच केली होती, खपून.

"हरवली बहुतेक," दादा म्हणाला. "सापडेल कुठंतरी."

बाबांच्या अंगाला पावडरचा वास येत होता आणि पावडरीच्या खाली दुसरा. पावडर टाकणारी माणसं तिला हॉटेलात पुष्कळ भेटली होती. जो पावडर टाकतो तो धूत नाही. वहिनीनं मानेवर एवढी पावडर थापली होती की घामाच्या रेघांत तिची पेस्ट झाली होती. तिला किळस आली. मग, आपल्याला किळस आली याची आली.

"बाबा, गाडी बघायची?" नवरा म्हणाला. त्यानं त्यांना हाताला धरून हळूहळू मागच्या खोलीत नेलं. ट्रान्सफॉर्मरचं घुं ऐकू आलं, गाडीचा खडखडाट ऐकू आला, मग थांबला. इंजिन वळणावर बंद पडलं होतं. "आणतो हं स्पिरिट," असं म्हणत तो बाहेर आला आणि दादाच्या तावडीत सापडला.

"भावोजी, बरं झालं आलात," दादा म्हणाला. "मी सरळ बोलतो, राग मानू नका. माझे वडील गॅलरीत झोपतात. पावसाचे शिंतोडे येतात. आणि तुमच्याकडे खोली असून ती अडवलीय कशानं, तर ह्या पोरखेळानं. ही बिचारी रडते फोनवर. म्हणते, दादा, आणलं असतं रे, पण ह्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. तुमचं वय काय, आणि तुम्ही करताय काय?"

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं.

त्याला बोलता आलं असतं. तीनदा विचारलं हिला, असं म्हणता आलं असतं. छताची कप्पी दाखवता आली असती. तो स्पिरिटची बाटली हातात धरून उभा होता आणि बाटलीवरची त्याची नखं नेहमीसारखीच नीट कापलेली होती.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "खूळच लागलंय मला."

"कळलं ना? मग झालं तर," दादा म्हणाला.

न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केसांचा गोळा बोटानं ओढून बाहेर यावा, तसं ते तिच्यासमोर आलं. एवढी वर्षं ती परक्यांचे गोळे काढत आली होती. हा तिचा होता. आता बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि मागच्या खोलीतून आवाज आला. चप, चप. पुन्हा चप, चप.

ती आत गेली.

बाबा स्टुलावर बसून दरवाजावर ओणवले होते. एक बोट थुंकीनं ओलं करून ते रुळांमधल्या खडीत टेकवत होते आणि बोटाला लागेल ते तोंडात घालत होते. वळणाजवळची खडी हातभर साफ झाली होती. ओठ काळे, हनुवटी काळी, हनुवटीवरून काळा ओघळ, आणि त्या ओघळातून, ओठांवरून, मिशीतून तांबड्या मुंग्या सैरावैरा पळत होत्या.

"गोड आहे," बाबा खूश होऊन म्हणाले. "कुणी ठेवलं गं पोरी, तू? ही लोकं मला साखर देत नाहीत."

"बाबा, थुंका! थुंका ते! आ करा!"

त्यांनी आ केला. तिनं बोट आत घातलं. घालायच्या आधी विचार केला असता तर घातलं नसतं. कोमट, बुळबुळीत, हिरडीच्या कडेला चोथ्याचा थर, त्यात चिरडलेल्या आणि न चिरडलेल्या मुंग्या. एक तिला चावली. बाबांना वाटलं बोटालाही काही गोड लागलंय, त्यांनी तोंड मिटून ते चोखायला सुरुवात केली. तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. उजव्या गालातलं निघालं होतं, डावा गाल राहिला होता. तिनं बोट बाहेर काढलं नाही. अर्धवट साफ केलेलं तिला कधीच चालत नसे. डावा गालही निपटून काढला, जिभेखालचं काढलं, सगळं आपल्याच पदराला पुसलं आणि मग खिडकीशी जाऊन खोल श्वास घेतला.

नवरा रुळांकडे बघत होता.

"गोड," तो म्हणाला. "अगं, आपण साखर आधी घालतो."

"काय?"

"चहात. पाणी, पूड, साखर, सगळं एकदमच उकळतो. लॅबमध्येही तसंच. तो मोबाईलवरचा म्हातारा साखर घालतच नसेल. त्यानं नुसतं सांगितलं वापरलेली पूड वाळवा." त्यानं रुळावरून बोट फिरवलं आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवून सोडवली. "म्हणून इंजिन अडतंय. पाकात चालवतोय आपण गाडी."

"आणि धुतली नाहीत? तशीच डकवलीत?"

"धुतलं तर रंग जातो म्हणाला तो."

ती काही बोलणार, तेवढ्यात दारातून दादाचा आवाज आला. "अरे बापरे." बाबांच्या स्टुलाखाली ओल पसरत होती. पसरत पसरत ती पाण्याच्या वाट्यांपर्यंत गेली. दादा उंबऱ्याच्या पलीकडे दोन पावलं सरकला. त्यानं रुमाल काढला आणि नाकाला लावला. रुमालाच्या वर त्याचे डोळे होते, आणि त्या डोळ्यांतला भाव तिनं लगेच ओळखला. नणंदेचा होता तो. गेले काही महिने तिचा स्वतःचाही होता. बाहेरून दिसतो कसा, एवढंच पाहायचं राहिलं होतं. फार ओंगळ दिसत होता.

"दादा," ती म्हणाली. "ह्यांना बोललास ते परत घे. ह्यांनी मला तीनदा विचारलं, गाडी काढू का म्हणून. मीच नको म्हटलं. मला बाबा नको होते इथं."

दादाचा रुमाल खाली आला. "तू?"

"मी. सासूचं केलं तेवढं पुरे झालं होतं मला. तुला जशी घाण वाटते तशी मलाही वाटते. फरक एवढाच, की तू बायकोच्या कंबरेमागे लपलास आणि मी ह्यांच्या डोंगरामागे."

 बाबा बोट चोखत होते.

"बाबा आता इथं राहतील," ती म्हणाली. "दरवाजा वर ओढायचा, खाली कॉट."

दादाचा चेहरा इतक्या झटकन सैल पडला, की तिला पुन्हा शिसारी आली. "मी म्हणतच होतो तुझ्या वहिनीला," तो म्हणाला, "शेवटी मुलगी ती मुलगी. तिच्यासारखं प्रेमानं कोण..."

"पूर्ण ऐक." आवाज हॉटेलातला होता. या आवाजानं तिसऱ्या मजल्यावरच्या पोरी पलंगाखालून बाहेर यायच्या. "रोजचं मी आणि हे बघू. निम्मं निम्मं. तोंड ह्यांच्याकडे, ते ह्यांचं कामच आहे, नवी कवळीही तेच करतील. रविवारची अंघोळ तुझी. डोक्यावरून. पाठ, मांड्या, बोटांच्या बेचक्या, नखं. तू यायचं. वहिनीला पाठवायचं नाही."

"अगं, मला नाही जमत हे. खरंच सांगतो, मला ओकारी येते."

"मला पण येते. येऊ दे. बादली आहे."

"पुढच्या रविवारपासून येतो मग."

"आज कुठला वार आहे?"

तिनं स्वयंपाकघरातल्या कपाटातून पिवळे हातमोजे काढले आणि त्याच्या छातीवर टेकवले. दादानं भावोजींकडे बघितलं. भावोजी खाली बसून वाट्यांमधलं पाणी ओतून टाकण्यात गुंतले होते. बाबांनी मात्र हात पुढे केला, पोरानं धरावा म्हणून. मग त्याला मोजे चढवावेच लागले. दोघं बापलेक भिंत धरत न्हाणीघराकडे गेले, मागे फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. तिनं ते लगेच पुसून घेतले, दोन पाण्यांनी, दुसऱ्यात फिनाईल.

मग ती आणि नवरा दरवाजाच्या दोन बाजूंना बसून कवळीच्या हत्यारांनी रुळांमधला चोथा खरवडू लागले. मुंग्या मनगटावर चढत होत्या. झाडांना आमटीचा वास येत होता. तिच्या बाजूला डोंगराचा तो उघडा कडा आला होता, कुणाकुणाच्या दाढा तिच्या नाकासमोर. न्हाणीघरात आधी पाणी पडल्याचा आवाज आला, मग दादा ओकल्याचा, मग पुन्हा पाण्याचा.

"तुम्हाला कळलं होतं?" तिनं विचारलं. "मी नको का म्हणते ते?"

त्यानं हत्याराच्या टोकावरचा चोथा कागदावर झटकला. "मला सांगायचंस ना," तो म्हणाला. "दुसरा दरवाजा जोडला असता. भिंतीपर्यंत नेली असती गाडी, मुंगीलाही आत शिरायला जागा ठेवली नसती."

तो टोमणा होता की माया, हे तिला त्याच्या तोंडावरून ठरवता येईना. तोंड त्यानं खाली घातलं होतं. तिनं पुढचा रूळ खरवडायला घेतला.

"अगं ए," न्हाणीघरातून दादाची हाक आली, कापरी. "पाणी किती गरम लागतं त्यांना?"

"मोजा काढ," ती ओरडून म्हणाली, "आणि हात घालून बघ."